हवा, पाणी, माती आणि जीव: कोल्हापूरकर वारंवार विचारतात ते प्रश्न

भूगोल शिकवण्यातून निवृत्त झालो, पण प्रश्न काही थांबले नाहीत. रंकाळ्यावर सकाळी फिरताना, एसटीत, लग्नाच्या पंगतीत आणि आता व्हॉट्सॲपवर, तेच ते प्रश्न येत राहतात. दरवेळी नव्याने सांगण्यापेक्षा इथे एकत्र लिहून ठेवतो. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवलेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एखाद्याचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे नुसता क्रमांक दिलाय.

वाचताना दोनच गोष्टींवर नजर ठेवा: वस्तू कुठून कुठे गेली, आणि तिथे तिचा मुक्काम किती. माझी बहुतेक उत्तरं शेवटी तिथेच येतात.

१. सर, वातावरण, जलावरण, शिलावरण, जीवावरण ही चार आवरणं खरोखर वेगळी आहेत का?

नाहीत. अभ्यासाच्या सोयीसाठी पाडलेले ते वाटे आहेत. शेतातली मूठभर माती घ्या. चांगल्या मातीत आकारमानाने जेमतेम निम्मा भाग खडकाचा चुरा असतो. उरलेल्या निम्म्यात हवा आणि पाणी, आणि थोडा वाटा कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा, मुळांचा, जंतूंचा, गांडुळांचा. आता सांगा, ही मूठ कोणत्या आवरणात टाकायची? म्हणूनच काही जण मातीचं मृदावरण वेगळं धरतात, बर्फाचं हिमावरणही वेगळं धरतात. जीवावरणाची संज्ञा ऑस्ट्रियाचे भूशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस यांनी १८७५ मध्ये वापरली. पुढे रशियाच्या व्लादिमीर व्हर्नाडस्की यांनी १९२६ मध्ये ती कल्पना नीट मांडली: सजीव पृथ्वीवर नुसते राहत नाहीत, ते पृथ्वीची हवा, पाणी, खडक बदलत असतात.

परीक्षेत चारच लिहा, मार्क तिथे आहेत.

२. "प्रणाली" म्हणजे काय ते सोप्या भाषेत सांगा की.

गुऱ्हाळ डोळ्यांसमोर आणा. ऊस चरकात जातो, रस काहिलीत पडतो, उरलेलं चिपाड वाळवून त्याच काहिलीखालच्या चुलवाणात जळण म्हणून जातं. एकाचं उरलेलं दुसऱ्याच्या कामी येतं. अवकाळी पाऊस झाला आणि चिपाड भिजलं, की जाळ बसतो, रस वेळेत आटत नाही आणि गुळाचा रंग बिघडतो. पाऊस पडला चिपाडावर, दोष दिसला ढेपेत, आणि बोलणी खाल्ली गुळव्याने. भाग असे एकमेकांत गुंतलेले असले, की त्याला प्रणाली म्हणायचं.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. गुऱ्हाळात ऊस बाहेरून येतो आणि गूळ मार्केट यार्डाला जातो. पृथ्वीत बाहेरून येतं ते ऊन आणि बाहेर जाते ती उष्णता. माल जवळपास सगळा आहे तोच, फिरत राहणारा. कचरा "बाहेर" टाकायला पृथ्वीला बाहेर नाही.

३. गगनबावड्याला एवढा पाऊस आणि शिरोळला दुष्काळासारखी स्थिती, असं एकाच जिल्ह्यात कसं?

गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात साधारण हजार, आणि शिरोळकडे पाचशे-सहाशे. सगळं शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत.

नैऋत्य मोसमी वारा अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतो आणि कोकणच्या सपाटीवरून थेट सह्याद्रीच्या भिंतीला भिडतो. पुढे जायला वाट नाही, म्हणून वर चढतो. वर चढलेली हवा पसरते आणि थंड होते. थंड हवेत बाष्प मावत नाही, ते ढग होऊन कोसळतं. घाटमाथा ओलांडून वारा पूर्वेकडे उतरू लागला, की तो पुन्हा तापतो आणि ढग विरतात. बाष्प तेव्हाही असतंच, पण ते हवेतच राहतं. शिरोळच्या आकाशात जुलैत ढगांची नुसती धावपळ दिसते, ती हीच.

म्हणजे खडकाची उंची पाऊस ठरवते. आणि पाऊस खडकाचं काय करतो, ते प्रश्न ६ मध्ये.

४. पाऊस अरबी समुद्राचा, समुद्र इतका जवळ, मग आपल्या नद्या उलट्या दिशेने का जातात?

गगनबावड्याच्या कड्यावर उभं राहिलं, तर अरबी समुद्र सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. कड्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब एक-दोन दिवसांत कोकणातून समुद्रात. पावलाभर पूर्वेला पडलेला थेंब कुंभीत, कुंभीतून पंचगंगेत, नृसिंहवाडीला कृष्णेत, आणि मग कर्नाटक, तेलंगणा, आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात. कृष्णेची लांबीच सुमारे १४०० किलोमीटर.

दख्खनचं पठार पूर्वेकडे कललेलं आहे, हे त्याचं कारण. हा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. थरावर थर साचत गेले. पुढे पश्चिमेची कड उंच राहिली आणि उतार पूर्वेला पडला. नदीला समुद्र किती जवळ आहे हे कळत नाही, तिला फक्त उतार कळतो.

मुक्कामाचा हिशोब इथे गमतीचा आहे. बाष्प हवेत सरासरी नऊ-दहा दिवस राहतं. समुद्रात पोहोचलेला पाण्याचा कण सरासरी तीन हजार वर्षं तिथे राहतो. राधानगरीत अडवलेला काही महिने. वारणेकाठच्या एखाद्या खोल बोअरमधला कदाचित तुमच्या पणजोबांच्या आधीचा.

५. झाडं लावली की पाऊस वाढतो, हे खरं का?

हा प्रश्न दर जूनला येतो, वृक्षारोपणाचे फोटो आले की लगेच.

जमिनीवरून हवेत जाणाऱ्या बाष्पात निम्म्याहून जास्त वाटा झाडांच्या पानांमधून जाणाऱ्या पाण्याचा आहे. ॲमेझॉनसारख्या खंडाएवढ्या जंगलात हेच बाष्प पुन्हा पाऊस होऊन पडतं आणि आतल्या भागापर्यंत पोहोचतं. तिथे "झाडं पाऊस आणतात" हे बरंचसं खरं आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबरचा पाऊस मुख्यतः समुद्रावर ठरतो. माळावर हजार रोपं लावल्याने तो वाढत नाही.

पण पडलेल्या पावसाचा मुक्काम झाडं वाढवतात. दाजीपूरच्या जंगलात पाणी पानावर आपटतं, पाचोळ्यात मुरतं, मुळांच्या भेगांतून खाली उतरतं, आणि फेब्रुवारीतही ओढ्याला थेंब थेंब येत राहतं. उघड्या डोंगरावर तोच पाऊस तासाभरात गढूळ होऊन खाली येतो. तेव्हा झाडं लावाच, फक्त पाऊस वाढेल म्हणून लावू नका.

६. एकाच जिल्ह्यात काळी माती, तांबडी माती आणि जांभा, हे कसं काय?

मूळ खडक एकच, काळा बेसाल्ट, म्हणजे प्रश्न ४ मधला थिजलेला लाव्हा. पुढे पाण्याने त्याचं काय केलं यावर रंग ठरला.

पूर्वेकडे पाऊस कमी, उतार सौम्य. तिथे बेसाल्ट झिजून जी चिकणमाती झाली ती जागेवरच राहिली. ओली झाली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हीच आपली काळी. पश्चिमेला लाखो वर्षं पावसाने खडक अक्षरशः धुऊन काढला. विरघळणारं सगळं, अगदी सिलिकाही, वाहून गेलं. मागे राहिलं लोखंड आणि ॲल्युमिनियम. लोखंड गंजलं, म्हणून तांबडा रंग. तो थर कडक झाला की जांभा. जिथे ॲल्युमिनियम जास्त साचलं तिथे बॉक्साइट, आणि त्याच्या खाणी राधानगरी, शाहूवाडी, चंदगड भागात आहेत.

जांभ्याच्या सड्यावर (उघड्या, सपाट माथ्यावर) माती बोटभरही नसते. मसाईच्या पठारावर श्रावण-भाद्रपदात फुलांचा गालिचा दिसतो तो याच उपाशी जमिनीवर. मोठं झाड तिथे रुजत नाही, म्हणून लहानग्यांना ऊन आणि जागा मिळते. तिथल्या काही वनस्पती तर किडे खाऊन नायट्रोजन मिळवतात. अशा पठाराला "पडीक" म्हणणारा माणूस भेटला की मला राग येतो.

७. राधानगरीचे दरवाजे आपोआप उघडतात ते कसं, आणि त्याचा इथे काय संबंध?

राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काम हाती घेतलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला चढलं की पाण्याच्याच जोराने दरवाजा उघडतो, पातळी उतरली की मिटतो.

संबंध असा: जे वाढलं तेच स्वतःला घटवायची सोय करतं. शास्त्रात याला ऋण प्रत्याभरण म्हणतात. निसर्गात अशा खूप साखळ्या आहेत. याच्या उलट जातीची साखळी म्हणजे वाढलं की आणखी वाढवणारी. ध्रुवाकडचा पांढरा बर्फ वितळला की खालचा काळा समुद्र उघडा पडतो, तो जास्त ऊन शोषतो, आणि आणखी बर्फ वितळतो. मे महिन्यात हेच शिवारात दिसतं. ओल्या मातीतून पाणी उडताना जमीन थंड राहते. ती वाळली की सगळं ऊन तापवण्यातच जातं आणि उरलीसुरली ओलही लवकर उडते.

८. पुराला जबाबदार कोण? पाऊस, धरण, बांधकामं की अलमट्टी?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त भांडणं लावणारा प्रश्न. २००५, २०१९ आणि २०२१ हे तिन्ही पूर ज्यांनी पाहिले, त्यांच्याकडे आपापलं उत्तर तयार असतं. मी क्रमाने सांगतो.

आधी पाऊस. एका एकरावर एक इंच पाऊस म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी. घाटमाथ्यावर दिवसात २०० मिलिमीटर पडणं नवलाचं नाही, म्हणजे एकरी आठ लाख लिटर. जूनमध्ये माती हे पाणी पिते. जुलैअखेर तिचं पोट भरलेलं असतं. तेव्हा पडेल ते सगळं ओढ्याला. म्हणून तेवढाच पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पूर आणत नाही आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आणतो.

मग आकार. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येतं (पाचवी सरस्वती गुप्त मानतात). चारी नद्यांच्या डोक्यावर एकाच वेळी पाऊस असला, की चारी लोंढे जवळपास एकाच सुमारास भेटतात. घाटात नदी तीव्र उताराने येते आणि कोल्हापूरपाशी एकदम सपाटीला लागते. पुढे नृसिंहवाडीपर्यंतची सुमारे ८० किलोमीटरची वाट वळणावळणाची, मंद. वरून येणारा नळ मोठा आणि खालची मोरी लहान, असा प्रकार.

तिसरी गोष्ट संगम. कृष्णा आधीच फुगलेली असली तर पंचगंगेला तिच्यात शिरता येत नाही. पाणी मागे थोपतं. वाडीला दत्तमंदिरात उत्तरेच्या दाराने शिरलेलं पाणी पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, तो दक्षिणद्वार सोहळा आपण भक्तीने पाहतो. भूगोलाच्या नजरेने तो दोन नद्यांच्या पातळीचा हिशोब आहे. कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा मुद्दा याच प्रकारचा, फक्त खूप खाली: तिथल्या फुगवट्याचा परिणाम वर कुठवर पोहोचतो, यावर दोन राज्यांत वाद आहे. तो वाद महत्त्वाचा आहे, पण त्या नावाखाली आपल्या दारातलं काही झाकू नये असं मला वाटतं.

कारण चौथी गोष्ट आपली आहे. नदीला पात्राबाहेर पसरायला जागा लागते. त्या जागेत भराव पडले, उंच रस्ते झाले, घरं झाली. २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला, तेव्हा नदीची जुनी हद्द सगळ्यांना दिसली. पूररेषा दोन असतात: निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. "शंभर वर्षांतून एकदा" म्हणजे आता आला, पुढचा शंभर वर्षांनी, असा अर्थ नाही. दरवर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच. फाशांना मागचा डाव आठवत नाही.

धरणं? भरलेलं धरण पूर अडवत नाही, रिकामं धरण काही प्रमाणात अडवतं. म्हणून जुलैत किती जागा राखायची हा खरा वाद आहे, कारण तेच पाणी मेमध्ये प्यायला लागतं.

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. हे दोन आकडे घरातल्या पोरांनाही पाठ असू द्या.

९. मग पुराने फक्त नुकसानच होतं का?

नदीकाठच्या मळीच्या रानाला विचारा. त्या जमिनीची सुपीकता शेकडो पुरांनी आणून टाकलेल्या गाळाची आहे. (मळी म्हटलं की साखर कारखान्याची मळी आठवते, ती वेगळी. तिच्यासाठी प्रश्न ११.) घाटातली माती खाली येते, घाट झिजतो, काठ भरतो. पण आता त्या गाळाबरोबर प्लास्टिक आणि सांडपाणीही येतं, आणि उभा ऊस आठ-दहा दिवस शेंड्यापर्यंत बुडाला की कुजतो.

१०. आजोबांच्या काळी सोनं पिकवणारी आमची जमीन पांढरी पडली. पाण्यात तर कधी कसूर केली नाही. असं का?

पाण्यात कसूर केली नाही, हेच कारण आहे दादा. शिरोळ-हातकणंगले पट्ट्यातून हा प्रश्न इतक्या वेळा येतो की उत्तर देताना मलाच वाईट वाटतं.

नदीच्या किंवा विहिरीच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात. समजा लिटरमागे अर्धा ग्रॅम आहेत, चवीलाही कळणार नाहीत एवढे. उसाला वर्षभरात दीड मीटर उंचीचं पाणी दिलं, तर एकरी साठ लाख लिटर. त्यातून जमिनीत आले तीन टन क्षार. पाणी ऊस पितो किंवा ऊन उडवतं. क्षार मात्र ऊस फारसे घेत नाही आणि ऊन तर घेतच नाही. पाणी निघून गेलं, क्षारांचा मुक्काम पडला.

निचरा चांगला असता तर पावसाने ते खाली धुतले असते. पण काळी चिकण माती पाणी सोडत नाही. पाटपाणी देत राहिलं की भूजल वर येतं. ते मुळांच्या जवळ आलं, की वातीत तेल चढावं तसं बारीक छिद्रांतून पृष्ठभागावर येतं, उडून जातं आणि पांढरा थर ठेवून जातं. शेजाऱ्याचं पाणीही तुमच्याकडे येऊन असं करू शकतं. तुम्ही खोलगट भागात असाल तर जास्तच.

उपाय करण्याआधी माती तपासा, कारण दोन रोग सारखे दिसतात. क्षारयुक्त जमिनीला निचरा करून पाण्याने धुणं लागतं. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटलेला असतो. तिथे आधी जिप्सम, मग धुणं. चोपण जमिनीवर नुसतं पाणी सोडलं तर ती आणखी बिघडते. निचऱ्यासाठी उघडे चर किंवा जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकतात. हे काम एकट्याने होत नाही. पाइपचं तोंड कुठल्या ओढ्याला न्यायचं, हे शिवारातल्या सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं. आणि ते खारं पाणी पुढे नदीतच जातं, हेही विसरू नका. पुढे पाणी जपायचं तर ठिबक, पाचटाचं (उसाच्या वाळलेल्या पाल्याचं) आच्छादन आणि अधूनमधून पिकाचा फेरपालट.

११. पंचगंगेत मासे मरतात ते नेमके पहाटेच का मेलेले दिसतात?

छान निरीक्षण. एका मच्छीमार मामांनी हे पहिल्यांदा विचारलं होतं.

पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो, पण फार थोडा. २० अंश सेल्सिअसला लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. उन्हाळ्यात पाणी तापलेलं आणि प्रवाह मंद, म्हणजे सुरुवातच कमी शिलकेवर. त्यात सांडपाणी, मळी, कारखान्यांचं पाणी मिसळलं, की ते खाणारे जंतू प्रचंड वाढतात आणि तो प्राणवायू संपवतात. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं, त्यामुळे दुपारी तपासलं तर पाणी बरं निघतं! रात्री मात्र शेवाळही श्वास घेतं. रात्रभर सगळ्यांनी मिळून खर्च केला की पहाटे शिल्लक शून्याकडे. मासे तोंड वर काढून तडफडतात आणि उजाडता तरंगताना दिसतात. म्हणून पाण्याचा नमुना दुपारी घेऊन "सर्व ठीक" म्हणणाऱ्याला नमुन्याची वेळ विचारा.

जलपर्णीचंही मूळ हेच. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसते आणि अनुकूल काळात दोन आठवड्यांत दुप्पट होते. ती काढून काठावरच टाकली तर कुजून खत पुन्हा पाण्यात. काढायची तर दूर न्यायची.

१२. विजेच्या कडकडाटाचा पाऊस झाला की पीक तरारतं. ही अंधश्रद्धा का?

नाही, पण श्रेय थोडं जास्त दिलं जातं. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे. त्याच्या अणूंची जोडी इतकी घट्ट की पिकाला तो थेट वापरता येत नाही. विजेच्या उष्णतेने ती तुटते आणि नायट्रेट होऊन पावसाबरोबर उतरतं. पण हा वाटा वर्षाला हेक्टरी काही किलोंचाच. ४५ किलोच्या युरियाच्या एका पोत्यात सुमारे २१ किलो नायट्रोजन असतो. वळवाच्या पावसाने पीक उठतं त्यात ओलीचा, थंडाव्याचा आणि कोरड्या मातीतले जंतू जागे होण्याचा वाटा मोठा.

खरं काम सोयाबीन-भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठीतले जिवाणू करतात. गाठ फोडून पाहा, आतून गुलाबी असली तर काम चालू आहे.

१३. पाचट जाळलं तरी तो कार्बन पुढचा ऊस परत घेतोच. मग जाळण्याने काय बिघडतं?

इथे विचारणाऱ्याला हुशारीचा एक मार्क. उसातला कार्बन वर्षभरापूर्वी हवेतूनच आला होता आणि पुढच्या वर्षी पुन्हा उसात जाईल. मुक्काम छोटा, हिशोब साधारण जुळतो. कोळसा आणि डिझेलचं तसं नाही. तो कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली मुक्कामाला होता, आपण त्याला दोन शतकांत वर आणलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे २८० होता, तो आता ४२० च्या वर आहे.

तरी पाचट जाळू नका. जाळताना सगळंच कार्बन डायऑक्साइड होत नाही. काजळी होते, थोडा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड होतो, आणि ते जास्त त्रासदायक. पाचटातला बहुतेक नायट्रोजन धुरात जातो, जो तुम्ही पुन्हा पोत्याने विकत आणता. मातीला मिळणारा सेंद्रिय कार्बन जातो तो वेगळाच. आणि शेजारच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी भुकटी पडते, ते भांडण मी मिटवू शकत नाही.

१४. झाडं कमी झाली तर ऑक्सिजन संपेल का?

नाही. हवेतला २१ टक्के प्राणवायू कोट्यवधी वर्षांत साठलेला आहे. मोठं जंगल जेवढा तयार करतं तेवढा जवळपास सगळा कुजण्यात आणि श्वासात स्वतःच वापरतं. शिवाय जगातलं सुमारे निम्मं प्रकाशसंश्लेषण समुद्रातले सूक्ष्मजीव करतात. जंगल हवं त्याची कारणं दुसरी आहेत, प्रश्न ५ आणि १५ पाहा.

१५. गवे उसात येतात. जंगलात काय कमी पडलं?

एकच कारण नाही. राधानगरी अभयारण्य १९५८ पासून गव्यांसाठी प्रसिद्ध. गवा मुख्यतः गवत आणि कोवळा पाला खाणारा. सड्यावरची आणि रानातली कुरणं झुडपांनी आणि तणांनी भरली, की चारा घटतो. उन्हाळ्यात पाणवठे आटतात. त्याच वेळी उपशाचं पाणी आल्याने ऊस जंगलाच्या कडेपर्यंत गेलाय: गोड, हिरवा, आडोसा देणारा, बाराही महिने. गव्याच्या नजरेने ते कुरणच आहे. म्हणजे नदीचं पाणी डोंगरावर चढलं आणि डोंगरातलं जनावर खाली उतरलं.

१६. कोयनेच्या पाण्यामुळे भूकंप झाला हे खरं? पाणी खडकाला कसं हलवेल?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा धक्का कोल्हापूरच्या जुन्या माणसांना अजून आठवतो. रिश्टर मापावर सहाहून जास्त. जलाशय भरू लागल्यावर त्या भागात लहान धक्के सुरू झाले होते, आणि पाण्याच्या पातळीशी त्यांचा संबंध पुढे सातत्याने दिसत आला. जगभर या विषयावर बोलताना कोयनेचं नाव घेतलं जातं.

पाणी भूकंप निर्माण करत नाही. खडकातला ताण आधीचाच असतो, भेगही आधीचीच. पाणी भेगांत खोलवर उतरतं, तिथे दाब वाढवतं आणि दोन बाजूंना एकमेकींवर धरून ठेवणारं घर्षण कमी करतं. वरून जलाशयाचं वजनही असतं. ताण तुटायच्या बेतात असेल तर तेवढं निमित्त पुरतं. प्रत्येक धरणाजवळ असं होत नाही, कारण प्रत्येक ठिकाणी भेग आणि ताण तयार नसतात. राधानगरीबद्दल विचाराल तर तिथे कोयनेसारखा इतिहास नाही.

१७. तापमानवाढीने पाऊस वाढणार की कमी होणार?

दोन्ही, वेगवेगळ्या दिवशी. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. पडतो तेव्हा जास्त जोराने पडतो, आणि मधले कोरडे दिवस जमिनीला जास्त सुकवतात. वर्षाची बेरीज तशीच राहिली तरी शेतकऱ्याचं वर्ष बदलतं.

१८. पृथ्वी स्वतःच सगळं सावरते म्हणतात. मग एवढी चिंता कशाला?

सावरते, आणि आपल्या पायाखालचा बेसाल्ट त्या कामातला पट्टीचा गडी आहे. पावसात थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल होतं. ते बेसाल्ट झिजवतं. सुटलेलं कॅल्शियम नदीने समुद्रात जातं, तिथे शिंपले आणि सूक्ष्मजीव त्याचं कवच करतात, ते तळाला बसून चुनखडक होतं. हवेतला कार्बन असा खडकात जातो. पृथ्वी तापली की पाऊस आणि झीज वाढते, कार्बन कमी होतो, पृथ्वी थंडावते. राधानगरीच्या दरवाजासारखंच (प्रश्न ७).

फक्त हा दरवाजा उघडायला लाखो वर्षं लागतात.

१९. मुलांना घरी दाखवता येईल असं काही सांगा.

जुलैत सुरक्षित जागेवरून, मोठ्या माणसाबरोबर, पंचगंगेचं पाणी काचेच्या उंच बरणीत घ्या. हलवू नका. दोन दिवसांनी तळाला बसलेला गाळ पट्टीने मोजा आणि बरणीवर तारीख लिहा. तसंच डिसेंबरमध्ये करा, बंधाऱ्याला बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घातल्यावर. मग एप्रिलमध्ये. तिन्ही बरण्या खिडकीत शेजारी शेजारी ठेवा. एप्रिलची बरणी दोन आठवडे उन्हात ठेवली तर बहुधा हिरवी होईल. तेव्हा झाकण उघडताना नाक जरा लांब ठेवा आणि ते पाणी मोरीत न ओतता कुंडीत ओता.